वास्तूच्या पाण्यातील व्याधी

१९७६ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे पूर्ण झाल्याचा उत्सव देशभर चालू होता, आणि ज्या फिलाडेल्फिया नगरीत त्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला, तिच्याकडे साहजिकच पाहुण्यांची रीघ लागली होती. याच नगरीच्या ब्रॉड स्ट्रीट या हमरस्त्यावर बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड नावाचे, १९०४ साली उघडलेले आणि पुढे पाऊणशतकभर प्रतिष्ठितांच्या पंगतीत मानाने मिरवलेले एक भव्य हॉटेल होते. तेथे २१ ते २४ जुलै या चार दिवसांत ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या पेनसिल्व्हेनिया शाखेचे अधिवेशन भरले. भाषणे झाली, मेजवान्या झाल्या, जुन्या पलटणीतले सोबती कडकडून भेटले, आणि अधिवेशन आटोपून मंडळी आपापल्या गावी परतली. त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत पेनसिल्व्हेनियाच्या निरनिराळ्या गावांतील इस्पितळांत, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या डॉक्टरांसमोर, एकाच तऱ्हेचे रोगी येऊ लागले : चढता ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणे, धाप, आणि छातीच्या क्ष-किरण चित्रात फुप्फुसावर पसरत चाललेली पांढुरकी छाया. त्यांतले कित्येक दगावले, आणि दगावलेल्यांत समान धागा एवढाच निघाला की ते बहुतेक सारे त्या हॉटेलातील अधिवेशनाला गेले होते. अखेरच्या हिशेबात २२१ लोक आजारी पडले व ३४ मृत्युमुखी पडले.

जनतेच्या मनात त्या वेळी जी धास्ती पसरली तिला एक पार्श्वभूमी होती. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत न्यू जर्सीमधील फोर्ट डिक्स या लष्करी तळावर डुकरांच्या इन्फ्लुएंझाशी साधर्म्य असलेल्या एका विषाणूने एक तरुण सैनिक दगावला होता, आणि १९१८ सालच्या महामारीची पुनरावृत्ती होणार या भयाने सरकारने सर्व देशाला लस टोचण्याची तजवीज चालविली होती. त्यामुळे फिलाडेल्फियाची वार्ता येताच, हीच ती महामारी, असे अनेकांनी मनाशी ठरवून टाकले. प्रयोगशाळांनी इन्फ्लुएंझा नसल्याचा निर्वाळा दिला तेव्हा तर्काची दिशा बदलली, पण तर्क थांबले नाहीत. पक्ष्यांपासून होणारा ज्वर म्हणावा, तर त्याचा पुरावा मिळेना. निकेलसारख्या धातूची विषबाधा म्हणावी, तर तीही सिद्ध होईना. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने डेव्हिड फ्रेझर या साथरोगतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली आजवरच्या मोठ्या तपासांत गणला जावा असा तपास सुरू केला, आणि तरीही महिन्यामागून महिने गेले, पण कारण हाती लागले नाही. इकडे गिऱ्हाईक तुटल्यामुळे त्या नामांकित हॉटेलाने नोव्हेंबरात आपली दारे बंद केली.

तथापि कारण सापडले नसले तरी तपास वाया गेला नव्हता, कारण कोण आजारी पडले आणि कोण पडले नाही यांची जी तपशीलवार नोंद तपासनिसांनी केली, तिच्यातून रोगाचा स्वभाव हळूहळू प्रकट होत होता. हॉटेलच्या दर्शनी दालनात जे अधिक वेळ घुटमळले ते अधिक प्रमाणात आजारी पडले होते. काही रोगी तर अधिवेशनाला गेलेच नव्हते; ते केवळ हॉटेलसमोरच्या पदपथावरून चालत गेले होते. उलटपक्षी, घरी परतलेल्या रोग्याची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या पत्नीला वा मुलांना त्याची बाधा झालेली आढळली नाही. म्हणजे रोग हवेतून येत होता खरा, पण माणसाकडून माणसाकडे जात नव्हता. हवेत तो कोठून येत होता, हाच प्रश्न उरला होता.

पण त्याआधी रोगाचे कारण ज्याच्या हाती लागले तो जोसेफ मॅकडेड हा शास्त्रज्ञ न्यूमोनियाच्या जिवाणूंचा तज्ज्ञ नव्हता. रोगनियंत्रण केंद्राच्या, रिकेट्सिया नामक अतिसूक्ष्म जीवांचा अभ्यास करणाऱ्या शाखेत, चार्ल्स शेपर्ड यांच्या हाताखाली, तो काम करीत असे. मृतांच्या फुप्फुसातील ऊतक त्याने गिनीपिगांना टोचून पाहिले होते, त्यांच्या ऊतकांचे काचपट्टीवरील नमुने ऑगस्टमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासले होते, आणि त्यांत कोठेतरी तुरळक दिसणारे दंडाकृती जिवाणू बाहेरून शिरलेली भेसळ समजून बाजूला सारले होते. त्या काळाच्या शिरस्त्याप्रमाणे अंड्यांत रिकेट्सिया वाढविताना इतर जिवाणूंनी गोंधळ घालू नये म्हणून प्रतिजैविके मिसळली जात. म्हणून ज्याचा शोध चालला होता तोच जीव त्या प्रयोगात शोधकाच्या हातून मारला जात होता. डिसेंबरच्या अखेरीस, नाताळाच्या सुटीत जेव्हा प्रयोगशाळा ओस पडली होती, तेव्हा मनाला लागून राहिलेल्या शंकेपायी मॅकडेड पुन्हा त्या काचपट्ट्यांकडे वळला. क्षेत्रामागून क्षेत्र डोळ्यांखालून घालता घालता एका जागी त्याला ते दंडाकृती जीव एकटेदुकटे नव्हे, तर घोळक्याने दाटलेले दिसले. भेसळ अशी एका ठिकाणी गर्दी करीत नाही. जो जीव त्या ऊतकात वाढला आहे तोच असा दाटतो. त्याने प्रतिजैविके वगळून पुन्हा गर्भयुक्त अंड्यांत ते द्रव्य टोचले, त्या अंड्यांतील गर्भ मेले, आणि बलकाच्या पिशवीत जिवाणूंचे दाट थवे सापडले. फिलाडेल्फियाच्या साथीतून बचावलेल्यांचे साठवून ठेवलेले रक्तद्रव त्याने या जिवाणूंशी जुळवून पाहिले, आणि त्यांतील प्रतिपिंडे त्या जिवाणूंना जाऊन चिकटली. १८ जानेवारी १९७७ रोजी हा शोध जाहीर झाला. त्या माजी सैनिकांच्या संघटनेवरून रोगाला लीजनेअर्स रोग म्हणू लागले, आणि जिवाणूला १९७९ साली लिजिओनेला न्यूमोफिला हे शास्त्रीय नाव मिळाले.

कसोटी हाती येताच शीतपेट्यांत जपून ठेवलेले जुने नमुने बाहेर निघाले, आणि मग कळून आले की हा शत्रू नवा नव्हता, ओळख तेवढी नवी होती. १९६५ साली वॉशिंग्टनमधील सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात ८१ जणांना झालेला, कारण न कळलेला न्यूमोनिया याच जिवाणूचा होता. १९६८ साली मिशिगनमधील पाँटियाक गावी, खुद्द आरोग्यखात्याच्या कचेरीत, १०० पैकी ९५ कर्मचारी एकाएकी तापाने फणफणले होते आणि चौकशीला गेलेले तपासनीसही आजारी पडले होते. त्या इमारतीच्या वातानुकूलन यंत्रातील दूषित पाण्याचे तुषार हवेच्या नळीत शिरत असल्याचे तेव्हाच आढळले होते, पण तुषारांत काय होते ते नऊ वर्षे गूढ राहिले. त्या प्रकरणात कोणी दगावले नाही. फुप्फुसांना धक्का न लावता दोन-चार दिवसांत आपोआप ओसरणाऱ्या या सौम्य रूपाला आजही पाँटियाक ज्वर असेच म्हणतात.

या जिवाणूचे मूळ वसतिस्थान म्हणजे नद्या, सरोवरे आणि ओलसर माती. तेथे तो अनादि काळापासून, अल्प संख्येने, कोणाला फारसा उपद्रव न देता राहत आला आहे. त्याच्या साठांहून अधिक जाती आज ज्ञात आहेत, परंतु माणसाला आजारी पाडणाऱ्यांत न्यूमोफिला ही जात अग्रगण्य होय. इंग्लंडमधील लीड्स येथील टिमोथी रोबोथम याने १९८० साली असे दाखवून दिले की हा जिवाणू पाण्यातील अमीबांच्या पोटात शिरून वाढतो. अमीबा जिवाणूंना गिळून पचवितात, हा सृष्टीचा नेम. पण लिजिओनेला गिळला गेला तरी पचत नाही. तो गिळणाऱ्याच्या देहात स्वतःसाठी एक सुरक्षित कप्पा तयार करून घेतो, तीनशेहून अधिक प्रथिने त्या पेशीत सोडून तिचा सारा कारभार आपल्या सोयीने फिरवितो, भरमसाट वाढतो आणि शेवटी आश्रयदात्याला फोडून बाहेर पडतो. माणसाच्या फुप्फुसात जंतूंना गिळण्यासाठी ज्या भक्षकपेशी तैनात असतात, त्यांची रीत अमीबासारखीच असते. त्यामुळे डबक्यात शिकलेली विद्या हा जिवाणू मानवी शरीरात जशीच्या तशी वापरतो. जी पेशी रक्षणासाठी धावून येते, तिच्याच आत तो बिऱ्हाड थाटतो.

मग निसर्गात निरुपद्रवी राहिलेला हा जीव विसाव्या शतकात एकाएकी घातक का ठरला? याचे उत्तर आपल्या वास्तूंत आहे. लिजिओनेलाची वाढ साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात होते, आणि पस्तीस अंशांच्या आसपास ती विशेष जोमाने होते. २० अंशांखालच्या गारव्यात तो निपचित पडून राहतो आणि ६० अंशांच्या वर काही मिनिटांत मरू लागतो. मोठ्या इमारतीच्या उदरातून जे मैलोगणती नळ फिरतात, ज्या टाक्या भरलेल्या राहतात, त्यांत हेच कोमट तापमान, हाच निवांतपणा आणि हाच अंधार त्याला आयता मिळतो. नळाच्या आतल्या भिंतीवर गंज, क्षार आणि असंख्य सूक्ष्म जीव मिळून एक बुळबुळीत थर धरतो; त्या थरात अमीबा चरतात आणि अमीबांत लिजिओनेला पोसतो. पाण्यात क्लोरीन घातले तरी ते या थराच्या तळापर्यंत सहजासहजी पोचत नाही, आणि अमीबा जेव्हा कठीण कवच धारण करून बसतो तेव्हा त्याच्या आतला जिवाणू क्लोरीनच्या माऱ्यातूनही निभावून जातो. एखादी न्हाणीघराची जोडणी काढून टाकली आणि नळाचे तोंड नुसते बूच मारून बंद केले, तर त्या बंद फांदीत वर्षानुवर्षे साचून राहिलेले पाणी साऱ्या वास्तूला जंतू पुरविणारे कोठार होऊन बसते.

पण नुसते पाणी दूषित असून भागत नाही. हे पाणी प्यायल्याने सहसा रोग होत नाही. ठसका लागून ते श्वासनलिकेत उतरले तर मात्र धोका असतो, आणि म्हणूनच गिळण्याची क्रिया दुबळी झालेल्या रोग्यांच्या बाबतीत इस्पितळांना विशेष दक्षता घ्यावी लागते. एरवी हा जिवाणू फुप्फुसात जातो तो पाण्याच्या अतिसूक्ष्म तुषारांवर स्वार होऊन. असे तुषार निर्माण करणारी साधने आधुनिक जीवनात पावलोपावली आहेत : स्नानगृहातील शॉवर, ऊन पाण्याची फेसाळ कुंडे, शोभेची कारंजी, आणि सर्वांत प्रबळ म्हणजे मोठ्या वातानुकूलित इमारतींच्या गच्चीवरील कूलिंग टॉवर. मातीच्या माठातले पाणी ज्या नियमाने गार होते, म्हणजे थोडे पाणी वाफ होऊन जाताना उरलेल्याची उष्णता घेऊन जाते, त्याच नियमावर हा मनोरा चालतो. इमारतीची उष्णता शोषून तापलेले पाणी मनोऱ्याच्या माथ्यावरून फवारले जाते, जाळीदार पडद्यांवरून झिरपत खाली येते, प्रचंड पंखा खालून वर हवा खेचतो, आणि निवालेले पाणी तळच्या हौदात जमून पुन्हा इमारतीत जाते. या पाण्याचे तापमान बहुधा तिशीच्या घरात असते. हौदात धूळ, पाने व गाळ साचतो. आणि पंख्याच्या झोताबरोबर जे बारीक तुषार निसटतात त्यांना अडविणारे पडदे फाटके वा वाकडे असले तर ते तुषार वाऱ्याबरोबर दूरवर जाऊन, त्या इमारतीत कधी पाऊलही न टाकलेल्या माणसाच्या श्वासात मिसळतात. फिलाडेल्फियाच्या पदपथावरून नुसत्या चालत गेलेल्या पादचाऱ्यांवर जो प्रसंग गुदरला, त्याचा उलगडा यातून होतो.

तुषार श्वासात गेल्यापासून साधारणतः दोन ते दहा दिवसांत, क्वचित त्याहून उशिरा, रोग डोके वर काढतो. आरंभी अंगदुखी, डोकेदुखी, अरुची आणि थकवा. मग थंडी वाजून चढणारा जोराचा ताप, कोरडा खोकला, धाप. न्यूमोनियाच्या इतर प्रकारांपेक्षा यात एक वैशिष्ट्य वारंवार आढळते, ते असे की फुप्फुसांबरोबरच शरीराच्या इतर व्यवस्थाही बिघडतात. जुलाब होतात, रक्तातील सोडियम घटते, आणि एरवी शहाणासुरता माणूस असंबद्ध बोलू लागतो. यांतले कोणतेही एक लक्षण निर्णायक नाही, पण न्यूमोनियाच्या रोग्यात ती एकत्र दिसली की जाणत्या वैद्याच्या मनात शंका यावी. सर्वांना धोका सारखा नसतो. निरोगी तरुण बहुधा सुटून जातो. पन्नाशी ओलांडलेले, धूम्रपान करणारे, फुप्फुसाच्या जुनाट विकाराचे, मधुमेही, आणि कर्करोगाच्या किंवा अवयवरोपणाच्या औषधांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे असे लोक यांच्यावर याचा घाला पडतो. उपचार मिळूनही दहा रोग्यांमागे सुमारे एक दगावतो. इस्पितळातच ज्याला बाधा झाली त्याच्या बाबतीत हे प्रमाण चारांत एक एवढे चढते.

निदानाची अडचण अशी की रोज केल्या जाणाऱ्या थुंकीच्या तपासणीत हा जिवाणू नेहमीच्या पद्धतीने रंगत नाही आणि नेहमीच्या पोषकद्रव्यावर वाढतही नाही. त्याच्यासाठी कोळसा, यीस्टचा अर्क, लोह व सिस्टीन घातलेले खास माध्यम लागते. आता लघवीतील जिवाणूचा अंश ओळखणारी, अल्पावकाशात उत्तर देणारी चाचणी उपलब्ध आहे, परंतु ती मुख्यत्वे न्यूमोफिलाच्या पहिल्या उपप्रकारालाच ओळखते. म्हणून ती नकारार्थी आली तरी रोग नाहीच असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. उपचाराच्या बाबतीत धडा फिलाडेल्फियातच मिळाला होता. पेनिसिलिन व त्याच्या कुळातील औषधे या रोगावर निष्फळ ठरतात, कारण जिवाणू पेशीच्या आत दडलेला असतो आणि ती औषधे तेथवर पुरेशी पोचत नाहीत. एरिथ्रोमायसिन वा टेट्रासायक्लिन ज्यांना योगायोगाने मिळाले होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. आज अ‍ॅझिथ्रोमायसिन व लिव्होफ्लॉक्सासिन ही मुख्य औषधे होत. ती वेळेवर सुरू झाली तर बहुसंख्य रोगी वाचतात. विलंब झाला तर तीच औषधे हतबल होतात. अर्थात ती कोणी दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. रोग्याच्या नातलगांच्या हाती एक काम मात्र निश्चित आहे : मागच्या दोन आठवड्यांत रोगी कोठे उतरला होता, कोणत्या इस्पितळात दाखल होता, फेसाळ कुंडात वा कारंज्याजवळ गेला होता काय, हे डॉक्टरांनी न विचारताही त्यांना सांगावे. या एका माहितीने निदानाची दिशा बदलू शकते.

फिलाडेल्फियानंतरच्या साथींचा इतिहास पाहिला की एक गोष्ट पुनःपुन्हा ठसते. जिवाणू तोच, पण प्रत्येक वेळी त्याला वाट करून दिली ती माणसाच्या हयगयीने. १९९९ च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथे फुलांचे प्रदर्शन भरले होते. तेथे विक्रीसाठी मांडलेल्या ऊन पाण्याच्या फेसाळ कुंडात कोणी स्नान केले नव्हते, प्रेक्षक केवळ शेजारून फुले पाहत गेले होते, तरी १८८ लोक आजारी पडले आणि कित्येक मरण पावले. मिशिगनमधील फ्लिंट शहराचे प्रकरण तर साऱ्या जगाने लक्षात ठेवावे असे आहे. तेथील कारभाऱ्यांनी खर्च वाचविण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये ह्युरॉन सरोवराचे पाणी सोडून फ्लिंट नदीचे पाणी घेतले, आणि नळ गंजू नयेत म्हणून जे द्रव्य मिसळायचे ते मिसळले नाही. गंजाच्या लोहाने क्लोरीन खाऊन टाकले. पुढच्या दोन वर्षांत त्या परिसरात या रोगाचे सुमारे ९० रोगी व किमान १२ मृत्यू नोंदले गेले. शिशाने मुलांवर झालेल्या परिणामाचा बोभाटा झाला, तो रास्तच होता. पण त्याच काटकसरीने वृद्धांच्या फुप्फुसांवर ओढवलेले संकट बराच काळ दप्तरातच राहिले.

न्यू यॉर्कची हकिकत याहून बोधप्रद आहे. २०१५ सालच्या उन्हाळ्यात दक्षिण ब्राँक्स भागात एका हॉटेलच्या कूलिंग टॉवरमधून पसरलेल्या साथीत १३८ जण आजारी पडले व १६ दगावले. तेव्हा शहराने कायदा केला, की प्रत्येक मनोऱ्याची नोंदणी व्हावी, ठराविक मुदतीने पाण्याची तपासणी व्हावी आणि देखभालीचा दाखला सादर व्हावा. कायदा चांगला होता, आवश्यक होता. तरी २०२५ च्या उन्हाळ्यात त्याच शहराच्या हार्लेम भागात ११४ लोकांना पुन्हा हाच रोग झाला, त्यांतील ७ मृत्यू पावले, आणि साथीचे मूळ ज्या मनोऱ्यांत सापडले त्यांतला एक चक्क इस्पितळाच्या गच्चीवर होता. कायदा पुस्तकात असणे आणि गच्चीवर असणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर शिडी चढून जाणाऱ्या माणसानेच भरून काढावयाचे असते.

आपल्याकडे या रोगाचे नाव क्वचितच ऐकू येते, आणि त्यावरून तो आपल्याकडे नाहीच असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. हा मोह टाळला पाहिजे. ज्या रोगाची तपासणीच सहसा मागविली जात नाही, तो नोंदवहीत कसा उतरणार? न्यूमोनियाचा रोगी बरा झाला तर कारण शोधण्याची निकड कोणाला भासत नाही, आणि मेला तर कारण त्याच्याबरोबर जाते. मुंबई-पुण्यापासून नागपूर-नाशिकपर्यंत गेल्या दोन-तीन दशकांत जी काचेची कार्यालये, पंचतारांकित हॉटेले, मॉल आणि बहुमजली इस्पितळे उभी राहिली, त्यांच्या गच्च्यांवर तेच मनोरे चालू आहेत. शिवाय आपले हवामान जिवाणूला अनुकूल आहे. थंड देशांत थंड पाणी २० अंशांखाली ठेवा असा नियम सांगतात. आपल्या वैशाखात गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीत दुपारी हात घालून पाहा, तो नियम येथे का लंगडा पडतो ते हाताला कळेल.

त्या टाकीकडेच जरा निरखून पाहावे. पालिकेचे पाणी ठराविक वेळी येते म्हणून गृहनिर्माण संस्था ते आधी जमिनीखालच्या टाकीत साठविते, मग पंपाने गच्चीवर चढविते; या दोन मुक्कामांत पालिकेने घातलेल्या क्लोरीनचा बराचसा अंश उडून जातो. गच्चीवरच्या टाकीचे झाकण कोठे तडकलेले, कोठे वाऱ्याने उडालेले आणि त्यावर पत्रा नि दगड ठेवलेला. तळाशी बोटभर गाळ, भिंतीला हिरवट-तपकिरी साय. शेजारी सौर जलतापक. त्यातले पाणी लख्ख उन्हात कढत होते, पण मळभाच्या दिवसांत ते नेमके चाळीस अंशांच्या आसपास रेंगाळते. खाली एखाद्या सदनिकेचे मालक परदेशी मुलाकडे गेलेले, नळ सहा महिने बंद. ते परततात, प्रवासाचा शीण घालविण्यासाठी थेट शॉवरखाली उभे राहतात, आणि सहा महिने नळात साचून राहिलेल्या पाण्याचे पहिले तुषार वार्धक्याने थकलेल्या फुप्फुसात जातात. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्महिने बंद राहिलेली कार्यालये व हॉटेले उघडताना जगभरच्या आरोग्ययंत्रणांनी नळ आधी वाहते करण्याचा इशारा दिला होता, तो याच कारणाने.

यावर जे उपाय आहेत त्यांना मोठी विद्या लागत नाही, सातत्य लागते. घर बरेच दिवस बंद असेल तर परतल्यावर खिडक्या उघडून, तुषार न उडतील अशा बेताने, सारे नळ काही मिनिटे वाहू द्यावेत, आणि शॉवरची जाळी उतरवून तिच्यावरचे क्षार घासून काढावेत. विजेच्या बंबातील पाणी ६० अंशांपर्यंत तापू द्यावे. ते अंगावर घेण्यापूर्वी विसण अवश्य घालावे, कारण तेवढ्या पाण्याने त्वचा भाजते. वाफारा घेण्याचे यंत्र किंवा झोपेत श्वासाला मदत करणारे यंत्र यांत नळाचे पाणी घालू नये. उकळून निवविलेले वा निर्जंतुक पाणीच वापरावे. विदर्भ-मराठवाड्यातील वाळ्याच्या ताट्यांचे कूलर मुख्यत्वे बाष्प सोडतात, तुषार नव्हे, म्हणून त्यांचा धोका मनोऱ्यांच्या मानाने कमी. तरी त्यांचा हौद वेळोवेळी रिकामा करून कोरडा करणे हिताचे. घरगुती वातानुकूलन यंत्र व मोटारीतील यंत्र पाण्याच्या फवाऱ्याने थंडावा देत नाही, त्यामुळे त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

संस्थेच्या टाक्या वर्षातून निदान दोनदा रिकाम्या करून घासल्या जाव्यात, झाकणे घट्ट बसावीत, वापरात नसलेल्या नळाच्या फांद्या मुळापासून तोडाव्यात, आणि नळातील शेष क्लोरीन तपासण्याची जी साधी, अल्प खर्चाची साधने मिळतात त्यांचा उपयोग करून आकडा वहीत टिपावा. ज्या इमारतींवर कूलिंग टॉवर आहेत त्यांच्या मालकांचे उत्तरदायित्व याहून मोठे आहे. हौदाची सफाई, जंतुनाशकाची मात्रा, तुषार अडविणाऱ्या पडद्यांची दुरुस्ती आणि पाण्याची नियमित जिवाणू-तपासणी यांची नोंदवही त्यांनी ठेवावी आणि मागणाऱ्यास दाखवावी. इस्पितळांनी तर हे काम रोग्याच्या औषधोपचाराइतकेच पवित्र मानले पाहिजे, कारण जो मनुष्य बरा होण्यासाठी आला त्याला तेथील नळाने आजारी करावे यासारखी विश्वासाची पायमल्ली दुसरी नाही. आणि शासनाने आपल्या शहरांतील मनोऱ्यांची गणना व नोंदणी करण्याची तरतूद साथ येण्यापूर्वी करावी, कारण साथ आल्यावर केलेल्या गणनेत मृतांचीही मोजदाद करावी लागते.

आपल्या समाजात टाकी धुणारा, व्हॉल्व्ह फिरविणारा, पंपाची किल्ली सांभाळणारा, गच्चीवरच्या यंत्राला तेलपाणी करणारा माणूस कोणाच्या खिजगणतीत नसतो. सभासदांच्या वार्षिक सभेत रंगरंगोटीवर तासभर चर्चा होते आणि टाकीच्या सफाईची रक्कम मात्र खर्चात कपात करण्याची पहिली जागा ठरते. या रोगाने गेल्या अर्धशतकात जे शिकविले ते या वृत्तीच्या अगदी उलट आहे. या रोगावर लस नाही. पण तो माणसाकडून माणसाला लागत नसल्यामुळे रोग्याला दूर ठेवण्याचीही गरज नाही. त्याचा प्रतिबंध होतो तो केवळ वास्तूच्या देखभालीने, आणि ती देखभाल जो नेकीने करतो तो, कोणाला कळो वा न कळो, माणसांचे प्राण वाचवीत असतो. म्हणून वाचकांना माझी एवढीच विनंती आहे की आपल्या संस्थेच्या पुढच्या सभेत टाकीच्या सफाईचा विषय स्वतः मांडावा, शेवटची सफाई कोणत्या तारखेला झाली हे विचारावे, तिची नोंद पाहिल्याशिवाय समाधान मानू नये, आणि हे काम करणाऱ्या माणसाला त्याच्या कष्टाचे पूर्ण मोल द्यावे.